बारा म्हणजे बारा

मी गोधडी बोलतेय. आवाज जरा दबका वाटला तर समजून घ्या, पोटात कापूस भरलाय.

बाकीच्या गोधड्यांना एक आई असते. मला नऊ आहेत, आणि वर एक बाप. लगेच भुवया उंचावू नका, सगळं सरळ सांगते.

शिलाई यंत्रांच्या एका दुकानामागे लांबट खोली आहे. तिथे दर शनिवारी दुपारी नऊ बायका जमतात. प्रत्येकीने आपल्या आवडीच्या एकाच नक्षीचे नऊ चौकोन शिवायचे, एक स्वतःला ठेवायचा आणि आठ जणींना आठ वाटायचे. म्हणजे प्रत्येकीच्या हातात नऊ तऱ्हेचे नऊ चौकोन येतात, ते जोडले की झाली गोधडी. याला त्या 'फेरी' म्हणतात. माझ्यात कुणाच्या जुन्या पडद्याची फुलं आहेत, कुणाच्या मुलाचा शाळेचा गणवेश आहे, आणि कुणाच्या तरी नवऱ्याचा एक शर्ट आहे, जो तो बिचारा अजून शोधतोय.

या फेरीचा कारभार मोठ्या बाईंकडे. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. ठरलेल्या शनिवारी नऊ चौकोन आले नाहीत की फेरीतून नाव कमी, सबबी ऐकून घेणार नाहीत.

माझ्या मालकीणबाई बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायच्या. हात असा की गुलाबाची पाकळी खरीच वाटावी. त्यांचे पाच चौकोन शिवून, बांधून तयार होते. मग एके सकाळी त्या जिन्यावरून घसरल्या. चौथ्या पायरीवरून थेट खाली आल्या, मधल्या पायऱ्यांची भेटही न घेता. उजवं मनगट मोडलं आणि प्लास्टरमध्ये गेलं.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. बोटं पूर्वीसारखी चालतील का, ते आत्ताच सांगता येणार नाही."

ते वाक्य मालकीणबाईंनी मनाला लावून घेतलं. सुयांचा डबा त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवायला लावला.

"मोठ्या बाईंना कळवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्हणावं, माझं नाव कमी करा. आणि पुढच्या फेरीलाही धरू नका."

मालक घड्याळं दुरुस्त करतात. बोलणं कमी, पण 'पुढच्या फेरीलाही' हे त्यांच्या कानाला खटकलं. एकदा सुई सुटली तर ही परत धरायची नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

"किती राहिलेत?"

"चार."

"मी शिवतो."

"अहो, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही!"

"घड्याळाचा स्क्रू बटणाहून लहान असतो."

"तो काय दोऱ्याने लावता?" असं म्हणून त्या कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग सुरू झाली गंमत. मालक डोळ्याला भिंग लावून शिवायला बसत. कापड चिमट्याने धरत. खुर्चीतून सूचनांचा भडिमार चालू असे आणि ते मुकाट ऐकत.

"चौकोन केवढा?"

"बारा इंच."

शिवून झालेला प्रत्येक चौकोन त्यांनी पोलादी पट्टी लावून छाटला. बारा म्हणजे बारा, सुताचाही फरक नाही. मालकीणबाईंनी लांबूनच पाहून मान डोलावली. घड्याळजीच्या मापावर पट्टी कोण लावणार?

शनिवारी दोघंही गेले. मोठ्या बाईंनी गठ्ठा सोडला, चौकोन एकावर एक रचले आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"हे चार लहान आहेत. अर्ध्या इंचाने."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्या बायकांच्या बोलण्यात 'बारा' म्हणजे जोडून झाल्यावरचे बारा. चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जातो, म्हणून छाटायचं साडेबारावर. हे त्यांना इतकं अंगवळणी पडलंय की कुणी कधी तोंडाने बोलतच नाही.

"म्हणजे तुम्ही बारा सांगायचं आणि साडेबारा कापायचं?" मालक ताडकन उठले. "घड्याळ असं चाललं तर लोक माझ्या नावाने शिमगा करतील!"

आधी कोपऱ्यातून एक खुदकन हसली, मग सगळीच खोली. मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"चूक माझी आहे," मालक आवाज खाली आणून म्हणाले. "पाच तिचे आहेत, त्यांत खोट नाही. तिचं नाव कमी करू नका."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या चारांतला एक उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तपासल्या. एक घरी नेली तर काय बिघडलं? बाजूने पट्टी जोडली की झालं. नाव राहील."

मग उरलेल्या तीन चौकोनांवर अशी झुंबड उडाली की विचारू नका. पण त्यातला एक मालकीणबाईंनी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला. तो माझ्या मधोमध आहे, भोवती निळी पट्टी लावून. म्हणून म्हटलं, मला बाप आहे.

नाव राहिलं, पण हाताचं काय? प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. मला चौकटीवर ताणलं होतं आणि मालक एकटेच माझ्यावर धावदोरा घालत होते, एकसारखा, मापात. मालकीणबाई समोर बसून नुसत्या बघायच्या, बोटांत रबरी चेंडू दाबत. एका दुपारी चेंडू खाली ठेवून त्यांनी सुई मागितली.

माझ्या डाव्या कोपऱ्यात नऊ टाके घातले. कसले टाके! रांगेत उभं राहून कंटाळलेल्या पोरांसारखे, एक इकडे, एक तिकडे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"उसवा ते," त्या म्हणाल्या. "तुमच्या टाक्यांशेजारी बघवत नाहीत."

मालकांनी कात्री उचलली. मला वाटलं, आता उसवणारच, कारण हा माणूस परक्याच्या भिंतीवरचं घड्याळही न विचारता सरळ करतो. त्यांनी भिंग लावलं, वाकून एकेक टाका पाहिला आणि कात्री खिशात घातली.

"वाकडे आहेत," ते म्हणाले. "दहावा घाल."

त्या रागावल्या, रडल्या आणि त्यांनी दहावा घातला.

आता मी त्यांच्या पलंगावर असते. रोज पहाटे मालक मला आपल्याकडे ओढतात, मालकीणबाई परत खेचतात, आणि नऊ आयांची लेक मधल्या मधे ताणली जाते. तक्रार नाही. मालकीणबाईंचे नव्या फेरीचे सहा चौकोन झालेत, स्वतःच्या हातचे.

तुम्ही कधी घरी आलात तर एवढं करा. माझ्या डाव्या कोपऱ्यावरून हात फिरवा. बोटांना खडबडीत लागेल. ते नीट करायला जाऊ नका. तिथे एका बाईचा हात परत आला.