हिरव्या चादरी

आमच्या डोंगरावर इतका पाऊस पडतो, की भिंतीला टेकवलेल्या झाडूलाही बुरशी येते. म्हणूनच वरच्या हॉटेलच्या मॅनेजरला वाटतं, इथे पाण्याला काय तोटा! पण तो पाऊस उतारावरून धो धो वाहून जातो. जमिनीत मुरतो थोडाच, आणि तोच आमच्या गल्लीच्या टोकाला खडकातून झरा होऊन बाहेर येतो. कोरड्या महिन्यांत अख्खी गल्ली त्याच्यावर जगते. माझी लाँड्रीसुद्धा. गंमत अशी, की माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच हॉटेल.

हॉटेलने झऱ्याच्या वरच्या अंगाला चाचणीसाठी बोअर मारली. भरपूर पाणी लागलं. आता तिथे मोठा पंप बसवून पोहण्याचा तलाव भरायचा होता. पंप सुरू झाला की आमचा झरा आटणार, हे माझं म्हणणं. "तुमचं पाणी वेगळं, आमचं वेगळं," हे मॅनेजरचं. नगरपालिका म्हणाली, पुरावा आणा.

माझी धाकटी नणंद भूजल खात्यात आहे. ती म्हणाली, "वहिनी, नुसतं भांडून काही होणार नाही. बोअरमध्ये रंग सोडू. झऱ्यात उतरला तर पाणी एकच." रंग अपायकारक नव्हता, तरी तिने दारोदार जाऊन सांगितलं, की तूर्त झऱ्याचं पाणी भरू नका, पत्र्यावरून पडणारं पावसाचं वापरा. मग नगरपालिकेच्या माणसांसमोर रंग ओतला.

मी मॅनेजरला फोन लावला. "साहेब, तुमच्या चादरी थांबवू का? धुते झऱ्याच्याच पाण्यात. रंग आला तर पंचाईत."

तो हसला. "येईलच कसा? पाणी वेगळं आहे म्हणून सांगितलं ना? खुशाल धुवा. आणि वेळेवर द्या, नाहीतर दुसरी लाँड्री बघतो."

माझ्या डोक्यात सणक गेली. "बरं, धुते," म्हटलं आणि फोन आपटला.

पण झरा काही रंगेना. रोज पाणी काचेसारखं स्वच्छ. हॉटेलचा ड्रायव्हर पांढऱ्याशुभ्र चादरी घेऊन जायचा आणि जाता जाता गालात हसायचा. "तुझ्या नणंदेने भलतंच खूळ काढलंय," सासूबाई म्हणायच्या. जणू ती त्यांची कुणीच नव्हती. वरून मी हसत होते, पण रोज उजाडायच्या आत झऱ्यावर जाऊन पाणी बघत होते. रंग आला नाही तर पंपाला परवानगी मिळणार होती.

आणि एका सकाळी चादरी घातलेल्या टाकीत पाणी सोडलं, तर पोपटी!

"अगं, चादरी बाहेर काढ!" सासूबाई ओरडल्या.

"नाही काढत," मी म्हटलं आणि उरलेल्याही आत लोटल्या.

नणंद बाटल्या घेऊन धावत आली. तिने भराभर नमुने भरून घेतले. "वहिनी, लगेच साबणाच्या पाण्यात खळबळल्यास तर रंग निघेल गं."

"माहीत आहे."

हॉटेलचं काम जाणार, हेही माहीत होतं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग होता. वाळवायची खोली सोडून मी गल्लीभर दोऱ्या बांधल्या आणि हॉटेलच्या गच्चीसमोर, भर पावसात, एकूण एक हिरवी चादर टांगली. गच्चीवर चहा पिणारे पाहुणे कठड्याशी गोळा झाले.

मॅनेजर छत्री सावरत उतरला. "वेड लागलंय का? पावसात कुणी कपडे वाळत घालतं?"

"वाळायला नाही घातल्या. दिसायला घातल्यात. चादरी तुमच्या, रंग तुमच्या बोअरमधला. ओळखा."

"तुमचं काम आजपासून बंद!"

"बंद तर बंद. झरा तर चालू राहील."

नणंदेने नगरपालिकेच्या इंजिनियरला बोलावून आणलं होतं. त्यांनी झरा पाहिला, चादरी पाहिल्या. "पंप बसणार नाही," एवढंच म्हणाले.

मॅनेजरने रागाने एका चादरीला हात घातला. तेवढ्यात पलीकडून सासूबाईंनी ती घट्ट धरली.

"ओल्या आहेत अजून," त्या म्हणाल्या. "वाळल्या की न्या."

पाऊस तर आता कुठे जोर धरत होता.