सैल ठोका

त्या वर्षी द्राक्षं उतरली की मरायचं, असं सासूबाईंनी ठरवलं आणि एका सकाळी न्याहरी करता करता आम्हाला सांगून टाकलं. माझा नवरा इल्यास तोंडातली ऑलिव्हची बी काढत होता. ती त्याने बशीत ठेवली आणि विचारलं, "आधी का नाही?"

"आधी द्राक्षं कोण खुडणार? तू?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, कफन तू विणायचंस. आणि या खेपेला तरी ठोका घट्ट ठेव."

आमचं बुलदान तुर्कस्तानातलं विणकरांचं गाव; खाली माग आणि वर माणसं, अशीच घरं. मी माहेरून चांगला हात घेऊन या घरात आले होते, असं माझं मत. सासूबाईंचं मत मला पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या कापडाचा तुकडा त्यांनी खिडकीशी धरला, त्यातून समोरची मशीद पाहिली आणि म्हणाल्या, "दिसते. फणीचा ठोका सैल पडतोय, धाग्याला धागा भिडत नाही." त्यानंतर मला मुलं झाली, मुलांची लग्नं झाली. मत तेच राहिलं.

इल्यास यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहे. तो म्हणाला, "आई, कारखान्यातून आणतो की. तासाभरात निघेल."

"वर अल्लाकडे तुझा बाप बसलाय. जन्मभर हातमागावर पाय मारले त्याने. त्याच्यासमोर मी यंत्राचं गुंडाळून जाऊ?"

"बरं, माप काय धरू?" मी विचारलं.

"तुझंच धर. तुझ्यामाझ्यात असा कितीसा फरक आहे?"

इल्यास बिनसाखरेचा चहा चमच्याने ढवळत बसला.

फरक असा, की मी सासूबाईंच्या खांद्याला लागते. आमच्या गल्लीत एवढी उंच बाई दुसरी नाही, आणि ही गोष्ट त्या सोडून सगळे बोलून दाखवतात. सासरे ठेंगणे होते. लग्नाच्या फोटोत सासूबाई खुर्चीवर बसल्यात, सासरे शेजारी उभे आहेत, आणि दोघांची डोकी एका रेषेत आहेत. सासरी आल्या दिवसापासून "हिला कापड फार लागतं" हे ऐकून ऐकून त्या वाकल्या, त्या वाकल्याच. दाराशी तर वाकतातच, पण उघड्या अंगणातही वाकून चालतात.

मला मात्र तेव्हा राग आला होता. म्हटलं, माझंच माप ना? मग माझंच. एवढी वर्षं माझा ठोका सैल, आता पाय उघडे टाकून जा वर. अशा विचारात मी माझ्याच मापाचा, उभ्या धाग्यांचा ताणा लावला आणि धोटा फेकायला सुरुवातही केली.

चार दिवसांनी दुपारी चहा विचारायला वर गेले. गारठा अजून सरला नव्हता. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. झोपेतच त्यांनी रजई खांद्यावर ओढली, तसे खालून पाय बाहेर आले. पायांत लोकरी मोजे होते. मग थोड्या वेळाने त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि पाय आत गेले.

या घरातल्या सगळ्या रजया सासऱ्यांच्या मापाच्या. ते पाय मी रोज बघत होते. सासूबाईंना उन्हाळ्यातही मोजे घालून झोपायची खोड आहे, असं मी शेजारीपाजारी हसून सांगतही होते. त्या दुपारी मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो कुणाचा ते कळेना.

त्या उताण्या होऊन पाय पसरेपर्यंत मी उभी राहिले. मग खिशातली सुताची गुंडाळी काढली. एक टोक उशीशी धरलं आणि सूत हळूच पायांकडे नेलं.

"टाचेशी थांब," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "बोटांपर्यंत नेऊन उगाच वाढवू नकोस."

"जाग्या आहात?"

"नाही."

मी खाली आले, लावलेला ताणा कापला आणि नवा लावला. आमच्या कापडाच्या सुताला पीळ भारी. मागावर असतं तोवर ते खळीने ताठ, शहाण्यासारखं दिसतं. गरम पाण्यात घातलं की अंग चोरतं आणि त्याला चुण्या पडतात. म्हणून टाचेपर्यंतचं माप घेतलं, त्यात आखडण्यापुरतं धरलं आणि वर माझ्याकडून वीतभर घातलं. त्या वितीचं कुणाला सांगितलं नाही.

कापड उतरलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि अंगणात दोरीवर घातलं. शेजारची सिद्दिका कुंपणावरून म्हणाली, "अगं बाई, कुणाचं लग्न?"

"आईंचं कफन आहे."

तिने हात लांब करून कापड चाचपलं. "मऊ झालंय हो. लागणार कधी?"

"द्राक्षं उतरल्यावर."

"मग वाळेल तोवर," सिद्दिका म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

वाळल्यावर सासूबाईंनी ते वर मागवलं. दिवाणावर उताण्या झाल्या आणि म्हणाल्या, "घाल." मी हनुवटीपासून घातलं.

"पाय झाकले?"

"झाकले."

"गुडघे न वाकवता?"

"तुमचे तुम्हीच बघा ना, सरळच आहेत."

कापडाखाली पायांची बोटं हलली. आधी एका पायाची, मग दुसऱ्याची. मग त्यांनी पाय ताणले, आणखी ताणले, तरी कापड उरलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. मी खिडकीकडे बघितलं.

"ठोका सैल आहे," त्या म्हणाल्या आणि झोपल्या. दिवेलागणीपर्यंत उठल्याच नाहीत. दोनदा जाऊन मी श्वास चालू आहे ना ते पाहून आले.

द्राक्षं उतरली. सासूबाईंनी खुडायला मदत केली, रस आटवताना कढईपाशी बसून सगळ्यांच्या चुका काढल्या. पानं गळली तेव्हा इल्यासने न्याहरीला विषय काढला. "आई, ते तू म्हणाली होतीस..."

"काय म्हणाले होते?"

"काही नाही. पाव दे."

कफन पेटीत गेलंच नाही. सासूबाई रोज रात्री तेच पांघरून झोपत, थंडीत वर रजई घेत. मोजे त्यांनी काढून टाकले. इल्यासला हे बरं दिसेना, तो इमामसाहेबांना विचारून आला. ते म्हणाले, स्वच्छ धुतलेलं असलं की झालं. सिद्दिका म्हणाली, हे म्हणजे सणाचे कपडे रोज वापरण्यातलं आहे. सासूबाई म्हणाल्या, "साठ वर्षं मुटकुळं करून झोपले. हे काय मातीतच घालण्यापुरतं ठेवू?"

पुढच्या वसंतात टाचेच्या जागी कापड विरलं आणि भोक पडलं. सासूबाईंनी त्यातून बोट घालून आम्हाला दाखवलं.

"शिवून देते," मी म्हणाले.

"ठिगळाचं गुंडाळून मी याच्या बापासमोर जायची नाही. दुसरं विण. तोवर मला काही जाता येत नाही."

मी दुसरा ताणा लावला. मला घट्ट विणता येतं, पहिल्यापासून येतं. हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पण आता फणी मी हलक्या हाताने ओढते. सैल कापड लवकर विरतं.

अर्ध्याहून जास्त झालं तेव्हा सासूबाई जिना उतरून खाली आल्या. दारात वाकल्या, आत आल्यावर मात्र सरळ उभ्या राहिल्या. डोकं तुळईला लागायचं तेवढं बाकी राहिलं. मागावरचं कापड त्यांनी दोन्ही हातांनी उजेडात उचललं आणि डोळा बारीक केला. पलीकडे मशीद दिसत असणार.

"सैल आहे," त्या म्हणाल्या.

"आहे, आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फणी धरून बसले होते. त्यांनी कापड खाली ठेवलं, त्यावरून एकदा हात फिरवला आणि जिन्याकडे वळल्या.

"अजून जरा सैल चालेल," त्या म्हणाल्या.