दुधाचा आकडा

“आजी, हात सैल सोडा. मूठ कायले आवळून राहिल्या?”

“आजी असेल तुझ्या घरची. मी गोमतीबाई बिसेन. अन् परवा रक्त नेलं ना, मग आज पुन्हा काऊन?”

गोंदियाच्या लॅबमध्ये रक्त काढणारी नूतन काही हसली नाही. माझं डोकं दुखायचं म्हणून तिरोड्याच्या डॉक्टरनं रक्त तपासायला पाठवलं होतं.

“एक आकडा लई वाढून दिसते,” ती म्हणाली. “पण तुमच्याकडे पाहून पटत नाही. प्रोलॅक्टिन. दुधाचा हार्मोन म्हणतात त्याले.”

सुई कधी आत गेली ते मला कळलंच नाही. मी बासष्ट वर्षांची. नवरा जाऊन सोळा वर्षं झालेली. माझ्या रक्तात दूध!

दहा वर्षांपूर्वी, नव्याण्णव साली, हाच शब्द मी ऐकला होता. रविता माझी सून. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून नागपूरला तिचं रक्त तपासलं. दुधाचा हार्मोन वाढलेला निघाला. गावच्या कंपाउंडरनं मला समजावलं, की अंगावर पाजणाऱ्या बाईत तो वाढतो. एवढंच ऐकून मी घरी आले. अंगणात धानाच्या रोवणीला आलेल्या बाया जेवत होत्या. त्या सगळ्यांसमोर मी सुनेला विचारलं, “लेकरू नाही, तर दूध कोणासाठी व? लग्नाआधी कोठं ठेवून आली?”

रवितानं नवऱ्याकडे पाहिलं. माझा उमेंद्र खाली मान घालून भातात कढी कालवत राहिला.

तिसऱ्या दिवशी तिचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. सोडचिठ्ठी झाली. उमेंद्र भिलाईला नोकरीला गेला, तो तिकडचाच झाला. मी म्हणायची, बरं झालं, घर मोकळं झालं. मोकळ्या घरात मी आणि धानाच्या कोठ्या. दिवसभर गड्याच्या चुका काढते. तो घरी गेला की माझं तोंड बंद. रेडिओ लावते, पण रेडिओ उलटून बोलत नाही.

नूतननं मला समोरच बसू दिलं. माझ्या रक्तातलं पिवळं पाणी तिनं एका औषधात मिसळलं आणि नळी यंत्रात घालून गरगर फिरवली. तळाला पांढरा गाळ बसला. वरचं नितळ पाणी काढून तिनं तेवढंच मोजायला लावलं. बऱ्याच वेळानं आकडा आला. चारचौघींचा असतो तसा.

“तुमचा हार्मोन दुसऱ्या एका मोठ्या कणाले चिकटून राहते,” ती म्हणाली. “त्याचा गोळा होते, तोच तळाला बसला. तो गोळा अंगात काही करत नाही, पण लवकर निघूनही जात नाही, म्हणून साठते. मशीन त्यालेही मोजते. मशीन मोजते, ओळखत नाही.”

“माह्या सुनेचंही असंच होतं काय?”

“त्यांचं रक्त न पाहता कसं सांगू? तेव्हा इकडे हे कोणी करतच नव्हतं.”

“अन् खरंच वाढलं असलं तर? लेकरू झालं होतं असंच ना?”

तिनं हातातली नळी खाली ठेवली. “कोणी सांगतलं तुम्हाले? गोळ्यांनी वाढते, थायरॉइडनं वाढते, नुसत्या धास्तीनंही वाढते.”

बसस्टँडवर बसून रिपोर्टचा कागद मी बोट ठेवत ठेवत वाचला. चार बायांसमोर बोलले होते, तर चार बायांसमोरच परत घ्यायचं, असं ठरवलं. रविता चिचगडच्या आश्रमशाळेत नोकरीला आहे, एवढं कानावर होतं. दुसऱ्या दिवशी तिकडची एसटी धरली.

तिच्या खोलीसमोर तीन-चार बाया मोहफुलं वाळत घालत होत्या. रविता बाहेर आली. डोळ्यांना चष्मा, कानांजवळ पांढरे केस. मी बसले नाही, पाणीही मागितलं नाही.

“रविता, या बायांसमोर सांगते, मी तुले—”

तिनं माझं मनगट पकडलं आणि मला आत नेलं. दार लोटलं.

“हळू बोला. इथं कोणाले काही माहीत नाही. इतक्या दूर मी कायले आली, वाटते तुम्हाले?”

मी कागद पुढे केला. तिनं उभ्यानंच वाचला, घडी घातली, परत दिला.

“दोन वर्षांआधी मी नागपूरले हीच तपासणी करून घेतली. माझंही असंच निघालं.”

“मग सांगतलं काऊन नाही?”

“कोणाले?” ती म्हणाली.

दारात शेजारची बाई डोकावली. “मॅडम, पाव्हणी कोण आली व?”

“तिरोड्याकडच्या बाई आहेत, निर्मलाबाई. दवाखान्यातली ओळख.”

निर्मलाबाई माझ्याकडे बघत राहिली. माझं तोंड आजवर कोणी धरलं नव्हतं. सासऱ्यानं नाही, नवऱ्यानं नाही.

“हो,” मी म्हणाले. “दवाखान्यातच भेटलो होतो.”

निर्मलाबाई गेली. रवितानं स्टोव्ह पेटवून आधण ठेवलं. डबा उघडला आणि चमचा हातात धरून माझ्याकडे वळली.

“साखर किती टाकू?”

चार वर्षं माझा सकाळचा चहा हिनंच केला होता.

“दोन चमचे,” मी सांगितलं.