बिनबर्फाची वाट

आमच्या ह्यांना म्हणे बर्फाचा वास येतो. त्यांच्या गटातली बारा माणसं हे छातीठोकपणे सांगतात. हिवाळा सरत आला की पाठीवर पिशव्या घेऊन डोंगरात जायला सगळे उतावीळ, पण वर कुठली वाट मोकळी झाली आणि कुठे अजून कमरेएवढा बर्फ आहे, हे कुणाला ठाऊक? उस्तादला! उस्ताद म्हणजे आमचे हे. उस्तादनं नकाशावर बोट ठेवायचं आणि बारा जणांनी बूट चढवायचे. एकोणीस वर्षांत एकाचाही पाय बर्फात रुतला नाही.

कसा रुतेल? वाट मी निवडते.

धरणात यंदा किती पाणी येणार, याचा अंदाज बांधणाऱ्या ऑफिसात मी नोकरीला आहे. डोंगरातल्या चौक्यांकडून रोज सकाळी बर्फाची जाडी कळते, ती मी तक्त्यात भरते. पण नुसत्या आकड्यांच्या भरवशावर कुणाला डोंगरात धाडू नये. चौकी असते उघड्या माळावर आणि वाट जाते सावलीतून. म्हणून मी त्या त्या वाटेवरच्या शेवटच्या घरी फोन करते आणि विचारते, "गोठ्याच्या मागं बर्फ आहे का?" गोठ्याची मागची बाजू उत्तरेला, तिथं ऊन फिरकत नाही. तिथलाही गेला असेल तर वरच्या झाडीपर्यंत वाट मोकळी समजायची. मग उतार दक्षिणेचा आहे ना, खिंड बुटकी आहे ना, ओढ्यावर पूल आहे ना, एवढं बघून मी चिठ्ठी लिहून देते. आमचे हे ती पाठ करतात आणि गटासमोर डोळे मिटून म्हणून दाखवतात. डोळे मिटून!

मी कधी गेले नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी लहान, दोघांपैकी एकानं घरी राहायचं तर ते कोण हे काय विचारायचं? गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. मुलगी हॉस्टेलला गेली. यंदा मी म्हटलं, "अहो, मी येणार."

"ये की," म्हणाले. एवढं सरळ उत्तर लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं असेल.

माझा उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून या वेळी मी स्वतःला झेपेल अशी दरी निवडली. शिवाय तिथल्या शेवटच्या घरात मावशी राहते. सख्खी नाही हो, फोनवरची. गोठ्यामागच्या बर्फापासून सुरू झालेलं बोलणं एकोणीस वर्षांत तिच्या सुनांपर्यंत आणि माझ्या सासूपर्यंत पोचलं होतं, पण आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. "आता येतेच," मी तिला सांगून टाकलं. दोन महिने पाठीवर जुन्या पुस्तकांची पिशवी घेऊन ऑफिसचे चार मजले चढले-उतरले. शिपाई हसायचा. हसू दे म्हटलं. नवे बूट घेतले आणि ते सैल व्हावेत म्हणून घालूनच स्वयंपाक केला.

निघायला चार दिवस असताना हे म्हणाले, "अगं, गटाचं म्हणणं पडलं, यंदा बर्फातच जायचं. दरवर्षी काय तेच सुकं सुकं! तुला काही ते झेपायचं नाही. पुढच्या वेळी बघू."

रडू आलं, गिळलं. गुडघा माझा, त्यात त्यांचा काय दोष? आणि माझ्या मूर्खपणाची कमाल बघा, यांच्या बुटांना मीच मेण चोळलं. मोज्यांचे दोन जोड जास्त भरले. "ऊन चढायच्या आत बर्फ ओलांडा हं," असं दहादा बजावलं. "हो गं बाई," म्हणाले आणि गेले.

तीन दिवस जिवाला घोर. सोमवारी ऑफिसातून मावशीला फोन लावला. येत नाही हे कळवायचं राहूनच गेलं होतं, धीर झाला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "का गं, तू का नाही आलीस? तुझा नवरा येऊन गेला की सगळी माणसं घेऊन. तुझं अंथरूण घालून ठेवलं होतं मी."

"मावशी, दुसरंच कुणी असेल."

"उस्ताद, उस्ताद करत होते सगळे. मी विचारलं, दरवर्षी फोन करून वाट विचारते ती बाई कुठंय? तर सगळे त्यांच्याकडंच बघायला लागले. ते हसले. म्हणाले, ती नुसता नंबर लावून देते, तिला चालायचा कंटाळा आहे."

मी फोन ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एक आकडा चुकला.

संध्याकाळी हे आले. पाणी पिऊन झाल्यावर सांगायला लागले, गुडघ्याएवढा बर्फ होता, तू नव्हतीस तेच बरं. मी विचारलं, "मावशी बरी आहे का?"

यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तू आली असतीस तर बारा माणसांसमोर माझी काय इज्जत राहिली असती?"

"आणि माझी?"

"तुला कोण ओळखतं तिथं?" रागानंसुद्धा म्हणाले नाहीत हो. साधं, खरं वाटलं ते बोलले.

तीन दिवस मी चिठ्ठी लिहिली नाही. चौथ्या दिवशी गटाचा फोन आला, नेहमीसारखा स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "उस्ताद, पुढची वाट कुठली?" यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, घालत राहिले. शेवटी यांनी डोळे मिटले आणि ठोकून दिलं, "पूर्वेची घळ."

अगं आई गं! त्याच सकाळी मी तिथला आकडा भरला होता. गप्प बसावं असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण बारा घरची माणसं ती. मी मोठ्यानं म्हणाले, "घळीत अजून पुरुषभर बर्फ आहे आणि तो खालून वितळतोय. आत गेलेला माणूस सापडायचा नाही."

 फोनवर कुणीतरी विचारलं, "उस्ताद, कोण बोललं?"

"कुणी नाही हो, आमची ही. मी तुमची परीक्षा घेत होतो."

बाराही जण खो खो हसले. आणि यांनी फोनवर तळवा ठेवून मला खूण केली, लवकर सांग दुसरी.

मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "यंदा कुठलीच वाट मोकळी नाही," मी म्हटलं, "सगळीकडे बर्फ आहे. हा हंगाम घरी बसा." एकोणीस वर्षांत बर्फाबद्दल पहिल्यांदा खोटं बोलले.  माझं खोटं यांना खोडता येईना, कारण खरं काय ते यांना ठाऊकच नव्हतं.