ताता एलिगियोच्या दारातली गर्दी

"नावं भोंग्यावर नको गं वाचूस. भिंतीवर कागद लाव, वाचणारे चारच असतात. भोंगा अख्ख्या गावाला ऐकू जातो," तव्यावरची तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, उलटत सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले. ऐकू जावं म्हणूनच तर भोंगा!

मक्याचं सरकारी अनुदान गावात नेमकं कुणाला मिळतं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मी पुएब्लाला कॉलेजात शिकलेली, म्हणून गावसभेनं यादी माझ्या गळ्यात मारली. कडेवर लेक नायेली, हातात माइक. सगळी नावं दणदणीत वाचून टाकली.

त्यात ताता एलिगियोचंही नाव होतं, आणि संध्याकाळी त्यांच्या दारात ही गर्दी! ताता म्हणजे गावाचे आजोबाच, टेकडीवर एकटेच राहतात, तुकडाभर शेत कसतात. कुणाच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस, कुणाकडे बाप्तिस्मा. आमच्याकडे केकला एक धर्मबाप लागतो, बुटांना दुसरा, बँडला तिसरा, आणि ज्याचा त्याचा खर्च ज्यानं त्यानं करायचा. मागणारा पावाची टोपली घेऊन येतो. टोपली घेतली की होकार. ताता जन्मात कुणाची टोपली परत करायचे नाहीत.

मी धापा टाकत वर गेले. "ताता, पेरणी तोंडावर आलीय. बियाण्याचं काय?"

"होईल गं. पाव ताजे आहेत, घे एक."

"किती जणांना हो म्हणालात?"

"बँडवाल्याला तेवढं अजून हो म्हणायचंय. तो उद्या येणार आहे."

अनुदान केकात आणि बुटांत गेलं तर हा माणूस पेरणार काय आणि वर्षभर खाणार काय? घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मी काही बोलत नाही हं," आणि नायेली झोपेपर्यंत बोलत राहिल्या.

त्यांचं ऐकता ऐकताच डोक्यात आलं, यादीत सगळ्यात मोठी रक्कम तर रोहेलियोच्या नावावर आहे. हा गावप्रमुखाचा मेहुणा, चौकातला औषधवाला. त्याच्या दारात कुत्रंही कसं नाही?

सकाळी पुन्हा माइक धरला. "धर्मबाप शोधणाऱ्यांनी लक्ष द्या! गावातले सर्वांत मोठे मकावाले, श्रीयुत रोहेलियो. मन उदार, दुकान दिवसभर उघडं."

दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्याच टोपल्या. बँडवाला ट्रॉम्बोनसकट हजर. शेवटी रोहेलियो काउंटरमागून किंचाळला, "अरे, माझ्याकडे शेत कुठंय? एक सरीसुद्धा नाही माझी!"

गर्दीतून सासूबाईंचा आवाज, "मग अनुदान कशाचं रे, धर्मबापा? खोकल्याच्या औषधाचं पीक काढतोस का?"

ट्रॉम्बोनवाला इतका हसला की ठसका लागून त्याला तिथंच गोळी घ्यावी लागली.

पुढच्या गावसभेत रोहेलियोचं नाव कटलं. आता प्रत्येक नावासोबत शेत कुठलं तेही वाचतात, आणि मीच वाचते.

तातांची धास्ती मात्र जात नाही. "घेतलं गं बियाणं," असं त्यांनी निरोपात कळवलंय. पण निरोप आणणाऱ्यानं पोतं काही पाहिलं नव्हतं. नायेलीला दात येतायत, अंग तापलंय, मला टेकडी चढवत नाही. तुम्ही वरच्या वाटेनं जाणार असाल तर तेवढं डोकावाल का? त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. पोतं उघडायला लावा, आत हात घालून बघा.