काकवीच्या पिंपात हरणाचा वास

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, की तुम्ही गुडघे हनुवटीला लावून एका अंधाऱ्या जागी बसला आहात. चहूबाजूंनी गोल भिंत. त्या जागेच्या तोंडावर गोणपाट बांधलेले. नाकात एकच वास, इतका दाट की श्वास घ्यायचा म्हणजे तोच गिळायचा. आणि मग ती भिंत फिरू लागते. वर कुठे, खाली कुठे, काही कळेनासे होते.

उघडा डोळे. ती गोल भिंत म्हणजे मी.

मी एक जुने लाकडी पिंप आहे. टेनेसीच्या डोंगरात लेडफर्ड कुटुंबाच्या अंगणात, कुंपणाला टेकून पडलेले. माझ्या फळ्या पांढऱ्या ओकच्या. ज्या कारागिराने मला बांधले, त्याने आतून शेकोटी पेटवून एकेक फळी वाकवली आणि लोखंडी पट्ट्या ठोकून ठोकून बसवल्या. पाण्याचा थेंब गळला नाही, तेव्हा त्याने माझ्या पोटावर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

मी काकवीचे पिंप होतो. शरद ऋतूत गोड ज्वारीची धाटे चरकात पिळली जात, मोठ्या कढईत रस आटे आणि ती गरम, तांबूस काकवी माझ्यात ओतली जाई. घरची मुले मक्याच्या भाकरीचा तुकडा घेऊन माझ्या तोटीखाली उभी राहत. शेजारी म्हणत, "लेडफर्डांच्या पिंपातल्या काकवीची गोडी काही वेगळीच!" त्या बोलण्यावर मी वर्षभर फुगून असे.

पुढे पत्र्याचे डबे आले. मला अंगणात ढकलले. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला वाटले, आता उरलेले दिवस असेच जाणार. तसे झाले असते तर बरे झाले असते.

घरमालक व्हर्जिल लेडफर्डकडे फिडल नावाची कुत्री होती. लांब कान, पाठ काळी, पाय तांबूस. तिचे काम रॅकूनचा माग काढण्याचे. रॅकून म्हणजे शेपटीवर पट्टे असलेला, झाडावर चढणारा प्राणी. माग लागला की फिडल लांब सूर लावी, आणि रॅकून झाडावर चढला की तिचा आवाज तुटक होई. व्हर्जिल ओसरीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगे, "आता ओढा ओलांडला. आता झाडाशी पोचली." त्याची नऊ वर्षांची मुलगी झेला शेजारी बसून तेच ऐके.

पण त्या वर्षी सरकारने डोंगरात हरणे आणून सोडली, आणि फिडलला हरणाच्या वासाचे वेड लागले. रॅकूनचा माग अर्ध्यात टाकून ती हरणामागे डोंगर ओलांडून जाऊ लागली. रॅकूनच्या कुत्रीने हरणामागे जाणे, आमच्याकडे यासारखी नामुष्की नाही. नामुष्कीही एक वेळ चालली असती, पण एक दिवस वनरक्षक टॉलिव्हर कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"व्हर्जिल, तुझी फिडल काल पुन्हा हरणामागे होती."

"पोर आहे ती अजून. शिकेल."

"लवकर शिकव. हरणामागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायची, हा कायदा तुला ठाऊक आहे. पुढच्या वेळी मी तिचा सूर ऐकत बसणार नाही, बंदूक उचलेन. मलाही ते आवडायचं नाही, पण उचलेन."

झेला फिडलच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. तिने मान वर केली नाही.

तेव्हा झेलाचा ड्यूई मामा बोलला. हा माणूस उपाय सांगायला कधी मागे हटत नसे. "दाजी, हरणाचं कातडं घ्या, पिंपात ठोका, कुत्रीला आत घाला आणि उतारावरून सोडा गडगडत. पोट असं ढवळतं की जन्मात हरणाच्या वासाकडे फिरकायची नाही. सगळे करतात."

"सगळे म्हणजे कोण?" झेलाच्या आईने दारातून विचारले.

"सगळे म्हणजे सगळे गं, ताई! आता काय नावं वाचून दाखवू?"

रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या हरणाचे कातडे मामानेच आणले. ते ओले होते, गळत होते. हातातून निसटू लागले, तेव्हा व्हर्जिलने अंगातला शिकारीचा कोट काढला, कातडे त्यात गुंडाळले आणि ते गाठोडे माझ्या आत खिळ्यांनी ठोकले. मग फिडलला आत घालून माझ्या तोंडावर गोणपाट बांधले.

मित्रांनो, मी आयुष्यभर गोडवा सांभाळला होता. माझ्यात कोणी ओरडेल असे मला कधी वाटले नव्हते. उतारावर मी फिरत होतो आणि तिची नखे माझ्या फळ्या ओरबाडत होती. तिला कुठे धरायला जागा नव्हती आणि मला थांबता येत नव्हते. खाली पोचल्यावर गोणपाट सोडले तेव्हा ती बाहेर पडली, चार पावले वाकडी चालली, ओकली आणि गवतात पसरली.

"झालं!" मामा म्हणाला. "आता हरीण समोर नाचलं तरी बघायची नाही."

दुसऱ्याच दिवशी बागेच्या कडेने एक हरीण गेले. फिडलने मान वर केली आणि सूर लावत डोंगरात नाहीशी झाली.

आमच्या डोंगरात एक रीत आहे. कुत्रा हरवला, की मालक आपला कोट वाटेवर टाकून घरी जातो. कुत्रा कितीही भटकला तरी त्या वासावर परत येतो आणि सकाळी कोटावर झोपलेला सापडतो. व्हर्जिलने गाठोडे सोडले, कातडे माझ्यातच राहू दिले, कोट काढून धुतला, वाळवला, पुन्हा दोन दिवस अंगात घातला आणि अंगणाच्या तोंडाशी टाकला. सकाळी फिडल खरेच आली. दमलेली, शेपटी हलवत. कोटापासून थोड्या अंतरावर तिच्या नाकाला वास लागला आणि ती जागीच थिजली. पाठीवरचे केस उभे राहिले. व्हर्जिल हसत पुढे झाला, "ये पोरी, ये," म्हणाला. ती त्याच्यासमोर ओकली आणि पोट जमिनीला घासत मागे सरकली.

व्हर्जिल हात पुढे करून तसाच उभा राहिला. ज्या पिल्लाला त्याने हिवाळाभर याच कोटात घालून वाढवले, ते त्याला पाहून ओकत होते.

"आजारी असेल," मामा चाचरत म्हणाला.

झेला माझ्यात वाकली. खिळ्याला कोटाची एक तपकिरी चिंधी लटकत होती. ती तिने बाहेर काढली.

"बाबा, आत हरणाच्या वासाबरोबर तुमचा वास होता. हरीण तर तिने रानात पळताना पाहिलंय, तेव्हा तिला काहीच झालं नाही. तिला वाटलं, हे सगळं तुम्हीच केलंत."

"मग या वेळी कोट नाही घालायचा," व्हर्जिल कसाबसा बोलला. "नुसतं कातडं. झेला, बाजूला हो. टॉलिव्हर गोळी घालेल तिला, कळतंय का तुला?"

त्याने फिडलचा गळपट्टा धरताच ती किंचाळली. झेला झटकन माझ्यात शिरून बसली.

"आधी मला सोडा उतारावरून."

"बाहेर ये."

"का? काही होत नाही ना?"

"लहान आहेस. मोठ्याला काही होत नाही."

"मग तुम्ही बसा."

मामाला हसू आवरेना. "बसा की दाजी! पोरीची खात्री होऊ द्या. मी हळूच ढकलतो."

व्हर्जिल हट्टी होता. गळपट्टा सोडून त्याने झेलाला बाहेर काढले आणि तो स्वतः आत शिरला, कातड्याशेजारी अंग दुमडून बसला. "बघ," तो म्हणाला, "काही नाही."

मामा पुढे येण्याआधीच झेलाने दोन्ही हातांनी मला ढकलले.

मी फिरलो. आतला माणूस प्रथम रागावला, मग देवाचे नाव घेऊ लागला, मग नुसता श्वास शोधू लागला. कुंपणाच्या खांबावर आपटून माझी एक पट्टी निसटली आणि दोन फळ्या उघडल्या. व्हर्जिल चारी हातापायांवर बाहेर आला आणि गवतात ओकला, फिडल ओकली होती त्याच जागेजवळ. कोणी हसले नाही. मामासुद्धा नाही.

मामा हळू आवाजात म्हणाला, "आमचे वडील दोरी लावून शिकवायचे. हरणाच्या मागावर नाक गेलं की वळवायचं, रॅकूनच्या मागावर गेलं की पाठ थोपटायची. रोज. त्याला फार दिवस लागतात, म्हणून मी पिंप सांगितलं."

व्हर्जिलने तोंड पुसले. "किती दिवस लागतील ते लागू देत. तोवर ती दोरीशिवाय अंगणाबाहेर जाणार नाही. टॉलिव्हरला मी सांगतो." मग त्याने फिडलकडे पाहिले. "पण दोरी धरू कशी? ती माझ्याजवळच यायची नाही."

मित्रांनो, मी आता कशाच्याही उपयोगाचा नाही. काकवी ठेवली तर गळून जाईल. तरी तुम्हाला एक विनंती करतो. मुक्या प्राण्याला भीती दाखवून शिकवू नका. भीती त्याच्या मनात नेमकी कुठे जाऊन बसेल, हे दाखवणाऱ्याच्या हातात नसते. व्हर्जिलसारखा जाणकार माणूसही तिथेच चुकला.

त्याच सकाळी झेला विहिरीवरून पाण्याची बादली घेऊन आली आणि तिने बाबाला मान, हात, तोंड खळखळून धुवायला लावले. मग स्वतःच्या अंगातला, स्वतःच्या वासाचा लोकरीचा स्वेटर काढून त्याच्या खांद्यांवर टाकला आणि बाह्या त्याच्या गळ्याभोवती बांधल्या. फिडलच्या गळपट्ट्याला बांधायची दोरी त्याच्या हातात दिली. फिडल लांब उभी राहून नाक हलवत होती. झेलाने तिला हाक मारली नाही. ती बाबाला चिकटून गवतात बसली, त्याचा मोकळा हात तिने उताणा करून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा हात पसरून फिडलची वाट पाहू लागली.