एक सिस्टर, एक ब्रदर

एजंट फोनवर म्हणाला, "शकुकाकू, तुमच्या मालकीच्या त्या समोरच्या फ्लॅटला भाडेकरू मिळाले. हॉस्पिटलवाले आहेत, सहा महिन्यांसाठी मुलुंडला आलेत. एक सिस्टर, एक ब्रदर." मी म्हटलं, झकास. आमच्या सोसायटीत लग्न न झालेल्या बाई-पुरुषाला एकत्र जागा देत नाहीत, पण भावंडं म्हटल्यावर कोण काय बोलणार? पलंग, फ्रिज, गॅस सगळं लावून दिलं आणि सोसायटीच्या फॉर्मवर 'भाऊ-बहीण' असं माझ्या सहीनिशी लिहून दिलं.

करारावर आडनावं निराळी दिसली तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मावसभावंडं असतील, असं माझं मीच ठरवून टाकलं. मला शहाणपण जरा जास्तच. मीरा चिपळूणची, अनिरुद्ध नांदेडचा. तो तिला "सिस्टर, तुम्ही जेवलात का?" असं विचारायचा, तीही त्याला ब्रदर म्हणायची. माझा भाऊ मला अजून 'ए शके' म्हणून हाक मारतो. नांदेडकडे बहिणीला केवढा मान देतात, हे मी मजल्यावर सगळ्यांना सांगून आले.

भाऊबीजेलाही दोघांना ड्युटी होती. सकाळी तासभरच घरी सापडणार होती. मला वाईट वाटलं. पाट, तबक, करंज्या घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आमचे सेक्रेटरी धोंडिराम माझ्याकडे फराळाला आले होते, तेही मागोमाग आले. निरांजन लावून मी तबक मीराच्या हातात दिलं आणि म्हटलं, ओवाळ. ती माझ्याकडे बघतच राहिली. अनिरुद्ध दोन पावलं मागे सरला.

"काकू, मी ब्रदर आहे. भाऊ नाही."

"म्हणजे रे?"

"नर्स बाईला सिस्टर म्हणतात, पुरुषाला ब्रदर. आम्ही एकमेकांचे कोणी नाही."

माझं डोकंच चालेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. धोंडिराम म्हणाले, मग दोघांपैकी एकाला आजच जावं लागेल आणि खोटं लिहिलं म्हणून माझं नाव कमिटीपुढे जाईल. मला रडूच यायला लागलं. ते बघून त्यांनीच तोड काढली. मानलेला भाऊही भाऊच, हिनं आत्ता सगळ्यांसमोर ओवाळलं की विषय संपला.

मला हायसं वाटलं. मीरानंही मान हलवली. हॉस्पिटलजवळ दुसरी जागा कुठून मिळणार? तिनं कुंकवात बोट बुडवलं. पण अनिरुद्ध काही पाटावर बसेना. दोन मिनिटांचं काम आहे, असं मी त्याला तीनदा सांगितलं.

"मी आजच खोली सोडतो," तो म्हणाला. "पण यांच्याकडून ओवाळून नाही घेणार."

"का पण?" मी विचारलं.

त्यानं मीराकडे पाहिलं. तिनं तबक खाली ठेवलं.

"सोडू नकोस," ती म्हणाली.

"काय नको सोडू?" धोंडिरामांनी मला हळूच विचारलं. खोलीच असणार, असं मी म्हणाले. पण तोवर त्या दोघांना आमचं काही ऐकू येत नव्हतं.